पंच म्हणा, पुंच म्हणा

मी एक जुना पंच आहे. मित्रांनो, एवढे ऐकून लगेच अंदाज बांधू नका. पंच म्हटले की कुणाला गावातले भांडण मिटवणारी वडीलधारी माणसे आठवतात, तर कुणाला क्रिकेटच्या मैदानावर बोट वर करणारे टोपीवाले काका. मी त्यांच्यापैकी कोणी नाही. मी चिमट्यासारखा दिसणारा, तळहातात मावणारा, एसटी कंडक्टरचा लोखंडी पंच आहे. तिकिटाला भोक पाडणे हे माझे काम. माझ्या दांड्यावर ४१८ असा आकडा ठोकलेला आहे. तेच माझे नाव समजा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंड तापवून, ठोकून, घासून त्यांनी माझे दोन दांडे बनवले, मध्ये स्प्रिंग बसवली, तोंडात एक बारीक गोल दात दिला आणि वरून चकचकीत मुलामा चढवला. मग कारागिराने मला रद्दीच्या कागदावर दाबून पाहिले. ‘खटक’ असा आवाज आला आणि कागदाची इवलीशी टिकली खाली पडली. कारागीर म्हणाला, “चालतोय.” मला तेवढी शाबासकी पुरे होती.

नागपूरच्या आगारात आल्यावर मी काही वर्षे वेगवेगळ्या हातांत फिरलो. कुणी मला जपले, कुणी माझ्या पाठीने खिळे ठोकले. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका सकाळी भांडारातल्या बाबूंनी मला एका नव्या हातावर ठेवले. त्या हाताने मला लगेच दोनदा दाबून पाहिले. खाकी कपड्यांतली ती सडपातळ तरुणी म्हणजे तुळसाबाई मेश्राम. पाचपावली वस्तीत राहणारी, बारावी झालेली, आणि आमच्या आगारात नव्यानेच भरती झालेल्या पहिल्या काही बायांपैकी एक.

आमची पहिली फेरी कळमेश्वरची होती. गाडी भरली, दार लागले, तरी लोक इकडेतिकडे पाहत होते. पुढच्या बाकावरच्या एका जाडजूड काकांनी तुळसाबाईला विचारले, “बाई, कंडक्टर कुठं हाये?”

तुळसाबाईने मला समोरच्या दांडीवर दोनदा वाजवले. खटक, खटक.

“तुमच्यासमोरच उभी हाये ना गा भाऊ! बोला, कुठं जाता?”

सगळी गाडी हसली. काकाही हसले आणि त्यांनी मुकाट्याने पैसे काढले. त्यानंतर कंडक्टर कुठे आहे असे तुळसाबाईला कधी कोणी विचारले नाही.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. गुलाबी, पिवळी, हिरवी तिकिटे माझ्या दाताखालून जात. आवाज ऐकून पेंगणारी माणसे जागी होत आणि खिसे चाचपत. टिकल्या उडून कुठेही पडत. एकदा एका आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र मिशीवर गुलाबी टिकली जाऊन बसली, ती थेट कळमेश्वर येईपर्यंत तिथेच होती. लोक त्यांच्याकडे पाहून हसत होते आणि आजोबांना वाटत होते की आज सगळेच आपल्याला ओळखतात. तेही प्रत्येकाला मान डोलावून नमस्कार करत होते. तुळसाबाई रोज संध्याकाळी माझ्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडी आणि पदराने मला पुसून ठेवी.

मग तिकीट छापणारी यंत्रे आली. बटण दाबले की पांढरी चिठ्ठी बाहेर. भोक पाडायची गरजच उरली नाही. आम्हा सगळ्या पंचांना एका पोत्यात भरले आणि ते पोते भांडाराच्या कोपऱ्यात गेले. तिथे गंज चढला. आमच्यातले काही बोलायचेच थांबले. दाबले तरी खटक म्हणेनात, दाबायला मुळात कोणी नव्हतेच. पुढे ते पोते लिलावात एका भंगारवाल्याकडे गेले.

योग असा की तो भंगारवाला पाचपावलीतच बसत असे. एका दुपारी तुळसाबाई त्याच्याकडे जुना पंखा द्यायला आली. ढिगाकडे पाहता पाहता ती थबकली, वाकली आणि तिने मला उचलून माझा आकडा चोळला.

“अगं माय! चारशे अठरा!”

भंगारवाला गोंधळला. “तुमचा हाये का बाई?”

“माहा नाही. पण मी याच्याच भरोशावर धा वर्षं उभी राहिली.”

त्याने पंख्याच्या बदल्यात मला देऊन टाकले. असा मी तिच्या घरी आलो. तिने मला घासले, तेल पाजले आणि कपाटातल्या ड्रॉवरमध्ये सुई-दोऱ्याच्या डब्याशेजारी ठेवले. त्या ड्रॉवरमध्ये माझी बरीच वर्षे गेली. काम नव्हते, पण घराचे बोलणे ऐकू यायचे. तुळसाबाईची मुलगी दीक्षा रांगू लागली, चालू लागली, आणि तेराव्या वर्षी चक्क बॉक्सिंग शिकू लागली, हे सगळे मला त्या ड्रॉवरमधूनच कळले. तिचे बाबा धम्मानंद खापरखेड्याच्या वीजकेंद्रात पाळीवर असत. ते घरी आले की दीक्षा त्यांच्या तळहातांवर ठोसे मारून सराव करी आणि ते “अरे बापरे” म्हणत मागे मागे सरकत.

आता खरी गोष्ट सांगतो. ती यंदाच्याच वर्षातली आहे.

सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या दीक्षाला तुळसाबाईने आठवीत इंग्रजी शाळेत घातले. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एका सोमवारी संध्याकाळी माय-लेकी घरात शिरल्या, तेव्हा नेहमीची बडबड नव्हती. चपला काढल्याचा आवाज आला. मग दप्तर खाली टाकल्याचा.

तुळसाबाई म्हणाली, “काहून मारलं वं त्याले?”

“तो मले आठ दिवसांपासून चिडवून राहिला.”

“काय म्हणून?”

दीक्षाचा आवाज अगदी बारीक झाला. “पुंच.”

हळूहळू सगळे बाहेर आले. वर्गात धडा वाचताना दीक्षासमोर एक छोटासा इंग्रजी शब्द आला, पंच. पुट, पुल, पुश या शब्दांत ‘यू’चा ‘उ’ होतो हे तिने पाठ केले होते. त्याच हिशेबाने तिने मोठ्याने वाचले, ‘पुंच’. मागच्या बाकावरचा साहिल खो खो हसला. त्या दिवसापासून वर्गात तिचे नावच पुंच पडले. डबा खाताना पुंच, पाणी पिताना पुंच, मैदानावर पुंच. शेवटी त्या सोमवारी दीक्षाने साहिलच्या नाकावर तो शब्द हाताने वाचून दाखवला. नाकातून रक्त आले. आईला शाळेत बोलावणे गेले.

“मंग बाईंले सांगायचं होतं ना,” तुळसाबाई म्हणाली.

“कसं सांगू? तिथं सारं इंग्रजीत बोला लागते. मी शब्द जुळवते तवापर्यंत तो पळून जाते.”

“शब्द नाही जुळले, पण मूठ बरी जुळली!”

मुख्याध्यापक दाखला हातात द्यायलाच निघाले होते. पण दीक्षाच्या इंग्रजीच्या शिक्षिका पुष्पलता बाई मध्ये पडल्या. त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली आणि दीक्षाला एक काम दिले. “ज्या शब्दावरून भांडण झाले, तोच शब्द तुझा. त्याचे अर्थ किती, तो आला कुठून, ते शोध आणि शुक्रवारी प्रार्थनेनंतर साऱ्या शाळेसमोर सांग. पाच वाक्ये तरी इंग्रजीत हवीत, बाकी मराठीत चालेल.” त्यानंतरच मुख्याध्यापक काय तो निर्णय घेणार होते.

आणि त्याच रविवारी बॉक्सिंगची जिल्हा निवड चाचणी होती. तुळसाबाईने खुर्ची ओढली, दीक्षाचे लाल ग्लोव्हज उचलले आणि कपाटावर ठेवले. माझ्या डोक्यावरच ते धप्पकन पडले.

“शाळेनं ठेवून घेतलं तं रविवारी खेळ. नाही तं नाही.”

दीक्षा रडली नाही. पण त्या दिवशी ती तिखट भाजीही न कुरकुरता जेवली, यावरून मी काय ते ओळखले.

जेवणानंतर तुळसाबाईने माझा ड्रॉवर उघडला. तिने मला बाहेर काढून दीक्षापुढे धरले.

“हे काय हाये, सांग.”

“तुह्या तिकिटाचा तो… टकटक.”

“याले पंच म्हणतात. पंच! तुह्या त्या शब्दाचा एक अर्थ घरातच पडून हाये.”

दीक्षाने मला हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि वहीच्या कोपऱ्यावर दाबले. खटक. किती वर्षांनी! आवाज थोडा घोगरा आला, पण आला. टिकली उडून तिच्या नाकावर बसली आणि त्या सोमवारी घरात पहिल्यांदा कोणीतरी हसले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दीक्षा मला दप्तरात घालून वस्तीतल्या अभ्यासिकेत गेली. अभ्यासिका भैय्याजी सांभाळतात. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, जाड भिंगाचा चष्मा लावणारे आणि पुस्तकाचे पान थुंकी लावून उलटणाऱ्या मुलांवर गरजणारे असे हे भैय्याजी. त्यांच्याकडे विटेएवढा जाड एक इंग्रजी कोश होता. दोघांनी तो मिळून टेबलावर ठेवला. दीक्षाने मला त्याच्या बाजूला ठेवले, त्यामुळे मला सगळे ऐकता आले.

भैय्याजींनी बोट फिरवत शब्द शोधला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “बेटा, हा शब्द एकटा नाही. एका नावाची तीन-चार माणसं एकाच मोहल्ल्यात राहावी, तसं दिसून राहिलं.”

मग ते एकेक वाचू लागले. आधी माझीच ओळख निघाली. भोक पाडायचे हत्यार. माझे नाव फ्रान्सच्या जुन्या भाषेतून इंग्लंडला आले, आणि फ्रान्सकडे ते लॅटिनमधून आले होते. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी अर्थ होता टोचणे.

“याच खानदानातला आणखी एक शब्द तुले माहीत हाये,” भैय्याजी म्हणाले. “पंक्चर.”

“पंक्चर अन् पंच एकाच घरचे?”

“चुलत भाऊ समज. दोघंही टोचणारे.”

मी मनातल्या मनात अवघडलो. आयुष्यभर बसमध्ये राहिलो आणि ज्या पंक्चरला ड्रायव्हर शिव्या देत होता तो आपला नातेवाईक, हे मला कुणी सांगितलेच नव्हते!

दुसरा अर्थ होता ठोसा. भैय्याजींनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचून खात्री केली. हा शब्दही टोचण्याच्याच घरातला निघाला. आधी त्याचा अर्थ होता ढोसणे, म्हणजे गुरांना हाकताना काठीच्या टोकाने टोचतात तसे. पुढे काठी गेली, मूठ आली, आणि शब्द तोच राहिला.

 दीक्षाने वहीत काहीतरी लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

“अन् हा तिसरा माणूस,” भैय्याजी एकदम खुशीत आले. “पंच म्हणजे एक सरबत! चारशे वर्षांमागं हिंदुस्थानात आलेले इंग्रज खलाशी ते पीत. त्यात पाच गोष्टी घालत म्हणून त्याचं नाव पंच. म्हणजे आपला पाच! आपल्या बोलीतून उचलून नेला.”

“आपला पाच? पाचपावलीतला पाच?”

“तोच. पण थांब. इथं ‘असे म्हणतात’ असं लिहिलंय. काही विद्वानांले ते पटत नाही. त्यांच्या मते पिंपाच्या जुन्या नावावरून आलं असंल. ज्याची खात्री नाही ते खात्रीनं सांगायचं नाही. तूही ‘म्हणतात’ असंच म्हण.”

दीक्षाने ‘म्हणतात’ हा शब्द चौकटीत लिहिला. मग तिने विचारले, “पाच गोष्टी कोणत्या?”

“पाणी, साखर, लिंबू, मसाला अन्…” भैय्याजी खोकले. “पाचवी दारू होती. ती आपल्याले नको.”

“मग चारच राहिल्या! चारचा पंच कसा होईन?”

यावर भैय्याजींनी कोश मिटला. पाचवी गोष्ट तुळसाबाईने शोधली. गुरुवारी तिची पाळी लवकर सुटली. येताना ती कळमन्याच्या बाजारातून पिशवीभर संत्री घेऊन आली. माय-लेकींनी मिळून रस काढला. पाणी, साखर, लिंबू, जायफळाची चिमूट आणि पाचवा संत्र्याचा रस. एका मोठ्या स्टीलच्या कॅनमध्ये ते सरबत तयार झाले. तुळसाबाईने घोट घेतला आणि डोळे मिटले.

“हे जर त्या खलाशांले भेटलं असतं,” ती म्हणाली, “तं ते दारू समुद्रात फेकून देते.”

झोपेपर्यंत दीक्षा पाच इंग्रजी वाक्ये घोकत होती. तुळसाबाई भाकरी थापता थापता तीच वाक्ये पुटपुटत होती. चौथे वाक्य दीक्षा विसरली तेव्हा ते आईनेच सांगितले, आणि मग दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

शुक्रवार उजाडला. मी दीक्षाच्या मुठीत होतो.  प्रार्थना झाली. समोर सातशे मुले, बाजूला शिक्षक, मध्ये मुख्याध्यापक. तुळसाबाई खाकी गणवेशातच, सरबताचा कॅन घेऊन फाटकाजवळ उभी होती. तिची गाडी अकराची होती. पुष्पलता बाईंनी दीक्षाचे नाव पुकारले. ती पुढे आली, माईकसमोर उभी राहिली आणि तिने पहिले वाक्य सुरू केले. भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, तोंडातून नेमका तोच उच्चार निघाला.

“पुंच…”

आधी मागच्या रांगेत कोणीतरी फिस्कन हसले. मग पुढची रांग हसली. मग सारे मैदानच हसू लागले. शिक्षक “शांत, शांत” म्हणत होते, पण कोण ऐकतो! दीक्षाचा चेहरा लाल झाला. तिची मूठ माझ्याभोवती आवळली. मला वाटले, ही आता पळणार. नाहीतर ठोसा मारणार.

तिने यातले काहीच केले नाही. तिने मला माईकच्या लोखंडी दांडीवर वाजवले.

खटक, खटक.

मित्रांनो, भोंग्यांतून निघालेला माझा तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. सारे मैदान दचकले आणि चिडीचूप झाले. पेंगणारी गाडी जागी व्हावी तसे. फाटकाजवळ तुळसाबाई एकदम ताठ उभी राहिली.

दीक्षाने मला उंच धरले. “याचं नाव पंच आहे,” ती म्हणाली. “हा माझ्या आईचा पंच आहे. माझी आई कंडक्टर आहे.”

मग तिने इंग्रजीत पाच वाक्ये म्हटली. एकात ती अडखळली, पण थांबली नाही. पुढचे तिने मराठीत सांगितले. पंक्चर माझा भाऊ आहे हे ऐकून मुले पुन्हा हसली, पण ते हसणे वेगळे होते. त्यात टोचणारे काही नव्हते. खलाशांचे सरबत सांगताना तिने ‘असे म्हणतात’ हे दोनदा ठासून म्हटले. आपल्या मराठीतही पंच आहे, भांडण मिटवणारा, आणि ज्या खेळात पंच मारतात त्या बॉक्सिंगलाही एक पंच लागतो, असे ती म्हणाली तेव्हा मुख्याध्यापकांनाही हसू आवरेना.

शेवटी तिने वही मिटली.

“ठोसा म्हणजे आधी टोचणं होतं,” ती म्हणाली. “मला शब्द टोचला म्हणून मी ठोसा मारला. पण साहिलच्या नाकातून रक्त आलं. ते चूक होतं. साहिल, मला माफ कर.”

 मग रांगेतून साहिल पुढे आला. त्याचे नाक अजून थोडे सुजलेले होते. तो माईकजवळ आला आणि मान खाली घालून म्हणाला, “सुरुवात मी केली होती. पुंच, पुंच मीच म्हणत होतो. सॉरी.”

पुष्पलता बाई उठल्या. त्यांच्या हातात एक कागद होता.

“मुलांनो, मीही या आठवड्यात थोडा अभ्यास केला,” त्या म्हणाल्या. “जुन्या काळी इंग्लंडमध्ये या शब्दात सगळेच ‘उ’ म्हणत. पुढे दक्षिणेकडे त्या ‘उ’चा ‘अ’ झाला आणि तो आपल्याकडे आला. पण इंग्लंडच्या उत्तर भागात कितीतरी घरांतून आजही लोक ‘पुंच’ असेच म्हणतात. ते इंग्रजच आहेत आणि त्यांना कोणी हसत नाही.”

मैदानावर असा काही गलका झाला की झाडावरचे कावळे उडाले. साहिलचे तोंड उघडे ते उघडेच राहिले.

“परीक्षेत आपण पंचच म्हणू,” बाई हसून म्हणाल्या. “पण हे मला आधी माहीत असते, तर त्या दिवशीच मी वर्गातले हसणे थांबवले असते. मी ते तेव्हाच थांबवायला हवे होते. ती माझी चूक.”

शिक्षकांनी आपली चूक शाळेसमोर सांगितलेली मी प्रथमच पाहिली. मला वाटते, त्या दिवशी दीक्षासाठी तेच सर्वांत मोठे बक्षीस होते. मुख्याध्यापकांनी दाखल्याचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी फक्त विचारले, “ते सरबत नुसते दाखवायला आणले आहे का?”

पहिला पेला साहिलला मिळाला. त्याने तो एका दमात संपवला, ओठ पुसले आणि म्हणाला, “दीक्षा, तुझा हा पंच एकदम भारी आहे. आधीचा नव्हता.”

रविवारी लाल ग्लोव्हज कपाटावरून खाली आले. मीही तुळसाबाईच्या पिशवीत बसून चाचणी पाहायला गेलो. दीक्षा पहिली लढत जिंकली आणि दुसरी थोडक्यात हरली. तिची निवड राखीव खेळाडू म्हणून झाली. दुसऱ्या लढतीत तुळसाबाई इतकी ओरडत होती की शेवटी बॉक्सिंगच्या पंचांनी खेळाडूंना सोडून तिलाच ताकीद दिली. धम्मानंदांनी लाजून तोंड फिरवले. दीक्षा मात्र घरी येईपर्यंत हसत होती.

आता माझा मुक्काम ड्रॉवरमध्ये नाही. पुष्पलता बाईंनी वर्गात प्रत्येकाला एक जाड कार्ड दिले आहे. ज्या मुलाने एखाद्या शब्दाचा जन्म शोधून आणला, त्याच्या कार्डाला एक भोक पाडायचे. ते काम माझे. तुळसाबाईने मला शाळेला दिले, पण एका अटीवर: महिन्यातून एकदा सांध्यात तेल घालायचे आणि ते दीक्षानेच घालायचे. साहिलच्या कार्डाला आतापर्यंत सहा भोके झाली आहेत. काजल नावाच्या मुलीने शांपू हा शब्द आपल्या चंपीतून गेला हे शोधून आणले, तेव्हा तर टाळ्याच पडल्या. शिक्षकांच्या खोलीतही माझी चर्चा असते म्हणे. काम संपल्यावर वर्गाच्या फरशीवर रंगीत टिकल्या पडलेल्या असतात आणि मुले त्या न कंटाळता वेचतात.

मित्रांनो, मी काही फार शिकलेला नाही. भोके पाडण्यात हयात गेली. तरी एक विनंती करतो. तुमच्या घरातली एखादी वस्तू फेकून देण्याआधी ती कोणाच्या हातात होती, एवढे घरच्यांना विचारा. कोणी एखादा शब्द वेगळा उच्चारला तर हसण्याआधी कोश उघडा. तो शब्द कोणकोणत्या गावांहून चालत आला असेल, ते आपल्याला ठाऊक नसते. आणि माझ्यासारखे एखादे जुने लोखंड सापडलेच, तर त्याला तेलाचा एक थेंब द्या आणि हळूच दाबून पाहा. बहुतेक वेळा ते बोलते.